ओपीडीतून बाहेर पडणाऱ्या रुग्णाला काय विचारावं: नाशिकच्या लहान-मध्यम रुग्णालयांसाठी

तीन वर्षांपूर्वी मी अण्णांना, माझ्या वडिलांना, घेऊन निफाडहून नाशिकच्या एका खासगी रुग्णालयात आले होते. त्यांना चक्कर येत होती. तपासणी झाली, औषधं घेतली. बिलाच्या खिडकीवरच्या मुलीने टॅब पुढे केला, "काका, पाच स्टार द्या ना." अण्णांनी दिले. रात्री जेवणं झाल्यावर ते ओसरीवरच्या दिव्याखाली गोळ्यांची तीन पाकिटं मांडून बसले आणि मला म्हणाले, "मला नेमकं झालंय काय गं? आणि यातली चक्करची गोळी कुठली?"

मी स्वतः नाशिकमध्येच एका धर्मादाय रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात काम करते. त्या दिवसापर्यंत आमच्याकडचा अभिप्रायाचा कागदही त्या टॅबसारखाच होता: "आपण सेवेबद्दल समाधानी आहात का? होय / नाही." गठ्ठेच्या गठ्ठे "होय" आमच्या कपाटात पडून होते. अण्णांच्या त्या प्रश्नानंतर आम्ही तो कागद बंद केला आणि दुसऱ्या पद्धतीने विचारायला लागलो. आता ती पद्धत बसली आहे. कोणालाही पदरचा फारसा पैसा न घालता करता येईल, म्हणून ती क्रमाने लिहिते.

आधी एक सकाळ नुसतं बघा

प्रश्नावली छापायला टाकण्याआधी गर्दीचा एक सोमवार निवडा आणि साडेआठला केसपेपरच्या खिडकीजवळ जाऊन उभे राहा. दर पाचव्या रुग्णाच्या केसपेपरला एक चिठ्ठी टाचा. तिच्यावर पाच वेळा लिहायच्या: केसपेपर हातात कधी पडला, बाकावर कधी बसले, डॉक्टरांच्या खोलीत कधी गेले, बाहेर कधी आले, औषध हातात कधी मिळालं. सगळीकडे मोबाइलचीच वेळ धरा, कारण भिंतीवरची घड्याळं एकमेकांशी जुळत नाहीत.

चिठ्ठीवर सहावी वेळही हवी: घरून कधी निघालात? आमच्याकडे ती नव्हती, नंतर घातली. सुरगाणा किंवा पेठच्या पाड्यावरून आलेला माणूस पहाटे अंधारात निघून पहिली एसटी पकडतो. आपल्या नोंदीत त्याचा वेळ नऊला सुरू होतो, पण त्याचा दिवस तेव्हा निम्मा झालेला असतो. परतीची गाडी चुकायची धास्तीही त्याच्या मनात असते. खोलीत गेल्यावर तो प्रश्न विचारत नाही, त्यामागे पुष्कळदा ही धास्ती असते.

सिस्टर आणि मदतनीस मामा-मावशी यांना आदल्या दिवशीच सांगून ठेवा की ही चिठ्ठी कोणाची चूक धरण्यासाठी नाही. न सांगता सुरू केलंत तर त्या दिवसापुरती सगळी कामं झपाझप होतील आणि तुमच्या हाती खोटा दिवस लागेल.

प्रश्न कसे घालावेत

इथे घाई करू नका. सगळं काम या टप्प्यावर उभं आहे.

तयार प्रश्नावल्या आहेत. अमेरिकेतल्या रँड संस्थेची १९९४ सालची १८ प्रश्नांची प्रश्नावली जगभर वापरली जाते. ती समाधानाच्या सात बाजू बघते: एकूण समाधान, वैद्यकीय कौशल्य, वागणूक, संवाद, खर्च, डॉक्टरांनी दिलेला वेळ, आणि सेवा मिळण्यातली सोय. कुठल्या कुठल्या बाजूंनी विचार करायचा हे समजून घेण्यासाठी ती जरूर वाचा. पण तिचं जसंच्या तसं भाषांतर करून खिडकीवर ठेवू नका. तिच्यातली काही वाक्यं सरळ आहेत, काही उलटी. "डॉक्टर मला पुरेसा वेळ देत नाहीत" असं वाक्य वाचून दाखवून "सहमत की असहमत?" विचारलं, की माणूस "हो" म्हणतो. त्याला म्हणायचं असतं, "हो, देतात की." कागदावर मात्र त्याच्या मनाच्या नेमकं विरुद्ध उतरतं.

दुसरी अडचण शब्दांची. "समाधान" हा शब्द आपल्याकडे देवाधर्माच्या बोलण्यात जास्त येतो. "बरं वाटलं का?" विचारलं तर मालेगाव-सटाण्याकडचा माणूस तब्येतीचं सांगू लागतो, "पोट अजून दुखस." म्हणून मत विचारायच्या ऐवजी घडलेलं विचारावं. आम्ही शेवटी आठ प्रश्नांवर आलो:

१. आज काय काय त्रास सांगायचा होता? सगळं सांगून झालं, की काही राहिलं?
२. तुम्हाला काय झालंय असं डॉक्टर म्हणाले?
३. ह्या गोळ्या कशा घ्यायच्या, मला दाखवता का?
४. कोणता त्रास झाला तर तारखेची वाट न बघता यायचं?
५. एरवी पुन्हा कधी यायचं?
६. एखादी गोष्ट विचारायची होती पण विचारली नाही, असं झालं का? कशामुळे?
७. आज सकाळपासून कुठे अडलात, कुठे परत पाठवलं?
८. घरातलं दुसरं कोणी आजारी पडलं तर इथेच आणाल का?

दुसऱ्यापासून पाचव्यापर्यंतची उत्तरं रुग्णाच्या शब्दांत जशीच्या तशी लिहून घ्यायची आणि मग केसपेपरशी ताडून बघायची. पूर्ण जुळलं तर दोन गुण, अर्धवट जुळलं तर एक, नाही तर शून्य. हे गुण रुग्णाला नाहीत, आपल्याला आहेत. हे मी प्रश्न विचारायला येणाऱ्या प्रत्येक नव्या मुलीला पहिल्या दिवशी सांगते, नाहीतर ती रुग्णाला पाढे विचारल्यासारखं विचारते.

प्रश्न एकदा पेठ-सुरगाण्याकडच्या माणसाला वाचून दाखवा, एकदा अहिराणी बोलणाऱ्याला. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत काम करणाऱ्या परप्रांतीयांसाठी हिंदी उतारा लागतोच. हिंदीत केलेलं दुसऱ्या कोणाकडून पुन्हा मराठीत करून घ्या. जिथे दोन मराठी जुळत नाहीत, तिथे प्रश्न बदला.

कोणी विचारायचं, कुठे, किती जणांना

ज्याच्या हातात केसपेपर आहे त्याने विचारू नये. सिस्टरने विचारलं तर उत्तर "चांगलंच आहे" येणार, कारण पुढच्या खेपेला इंजेक्शन तिच्याच हातचं घ्यायचं असतं. समाजकार्याचे विद्यार्थी, निवृत्त शिक्षिका, असं कोणी मिळालं तर उत्तम. अंगात पांढरा कोट नको. जागाही बिलाच्या खिडकीजवळची नको. औषध घेऊन माणूस फाटकाकडे निघतो तिथे, सावलीला, दोन खुर्च्या टाका. आधी सांगा की नाव लिहिणार नाही, आणि नाही म्हणालात तरी उपचारात काही फरक पडणार नाही. घाईत असलेल्याला थांबवू नका, त्याची एसटी तुमच्या कागदापेक्षा महत्त्वाची आहे. "घाईत होते" अशी नोंद तेवढी करा. त्या नोंदी फार झाल्या तर त्यांतूनही काही कळतं.

मोफत उपचाराच्या ठिकाणी हे सगळं आणखी जपून करावं लागतं. महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत. फार मोठी गोष्ट आहे ती. पण "फुकट मिळतंय, मग तक्रार कोणत्या तोंडाने करायची?" असं वाटून माणूस गप्प बसतो. केंद्र सरकारने २०१६ मध्ये 'मेरा अस्पताल' सुरू केलं, त्यात भेटीनंतर मोबाइलवर अभिप्राय विचारला जातो. रुग्णालयाच्या आवाराबाहेर, घरी बसून बोलायला मिळतं, हा त्याचा फायदा. फोन मुलाकडे किंवा नवऱ्याकडे असेल तर बाईचं म्हणणं त्यात येत नाही, ही त्याची मर्यादा.

किती जण? १०० रुग्णांना विचारलंत तर टक्केवारी साधारण १० टक्के इकडेतिकडे होऊ शकते, ४०० झाले तर ५ टक्के. सुरुवातीला १०० पुरेत. ते दोन आठवड्यांत पसरा, दर पाचवा किंवा दहावा रुग्ण घ्या; बोलका चेहरा बघून निवडू नका. सगळे वार आले पाहिजेत. बुधवारी गोदाकाठच्या बाजाराला आलेली माणसं जाता जाता दवाखाना करून जातात, त्या दिवसाची गर्दी वेगळी असते.

पदव्युत्तर प्रबंधासाठी किंवा छापण्यासाठी हे करणार असाल तर नीतिमत्ता समितीची परवानगी आधी घ्या. घरचं काम सुधारण्यासाठी करत असाल तरी वरिष्ठांची लेखी संमती असू द्या, पुढे उपयोगी पडते.

एक प्रसंग सांगते. सुरगाण्याच्या एक मावशी होत्या, पन्नाशीच्या.

"मावशी, डॉक्टर काय म्हणाले? काय झालंय?"
"गोळ्या लिहून दिल्या."
"कशाच्या?"
"ते नाही सांगितलं."
"तुम्ही विचारलं का?"
"मागं लाईन होती ना, बाई."

गोळ्या दाखवा म्हटल्यावर त्यांनी पिशवीतून दोन पाकिटं काढली. एक रक्तदाबाची होती, रोज सकाळी एक. त्या म्हणाल्या, "डोकं दुखलं की ही घ्यायची." केसपेपरवर सगळं नीट लिहिलेलं होतं, डॉक्टरांनी सांगितलंही असेल. मी कागद बाजूला ठेवला आणि त्यांना परत आत घेऊन गेले. हा नियमच करून टाका: औषधाबद्दल चुकीचं समजलेलं दिसलं, की उत्तर लिहून सोडून द्यायचं नाही, त्याच वेळी माणसाला परत आत न्यायचं. त्यासाठी रोज एक डॉक्टर नेमून ठेवा.

आकडे मांडताना

थांबण्याच्या वेळेची सरासरी काढू नका. समजा पाच रुग्ण १०, १५, २०, २५ आणि १८० मिनिटं थांबले. सरासरी ५० येते, आणि ५० मिनिटं तर कोणीच थांबलेलं नाही. त्यापेक्षा वेळा ओळीने लावून मधली बघा: २०. आणि सर्वांत जास्त थांबलेले दहा टक्के लोक वेगळे काढून बघा, ते कोण आहेत. आमच्याकडे ते बहुतेक एकाच प्रकारचे निघाले: उपाशीपोटी साखर तपासायला आलेले. सकाळी रक्त दिलं, मग खाऊन दोन तासांनी दुसरं, मग रिपोर्ट, आणि मग पुन्हा रांगेच्या शेवटी.

स्टारच्या सरासरीचंही तेच. ४.६ या आकड्याने कोणाचं काही बदलत नाही. "शंभरातल्या इतक्या जणांना आपल्या आजाराचं नाव सांगता आलं नाही" हे वाक्य मात्र बैठकीत सगळ्यांना खाली बघायला लावतं.

दाराबाहेरचा वेळ

आता सुधारणा. थांबणं एकदम कमी होत नाही, पण आंधळेपणाने थांबणं लगेच कमी करता येतं. डॉक्टर राउंडला किंवा ऑपरेशनमध्ये असतील तर फळ्यावर लिहा: "डॉक्टर साडेदहाला येतील." नंबरच्या चिठ्ठीवर अंदाजे वेळ टाका, "११ ते ११:३०". मग माणूस चहा घेऊन येतो, लेकराला पाणी पाजून आणतो, दारापाशी घोळका करत नाही. वेळ देऊन रुग्ण बोलावत असाल तर सगळ्यांना नऊची वेळ देऊ नका. यावर बेली आणि वेल्च या दोघांनी १९५२ सालीच गणित मांडलं होतं: सुरुवातीला दोघांना एकदम बोलवा, पुढे एका रुग्णाला सरासरी जेवढी मिनिटं लागतात तेवढ्या अंतराने एकेकाला. डॉक्टर रिकामे बसत नाहीत आणि बाहेर गर्दीही साचत नाही.

उपाशीपोटी आलेल्यांची रांग वेगळी करा, आणि नुसता रिपोर्ट दाखवायला आलेल्यांना नव्या रुग्णांच्या मागे पुन्हा बसवू नका. दुसरं रक्त दिल्यावर रुग्णाच्या केसपेपरवर शिक्का मारून थेट आत घ्यायची सोय केली, एवढ्यानेही खूप फरक पडतो. पेठच्या गाडीची वेळ विचारून आधी घेतलं तर बाकीचे कुरकुरतील असं आम्हाला वाटलं होतं. खिडकीवर तसं लिहून लावल्यावर कोणी कुरकुरलं नाही. आपले लोक समजून घेतात, त्यांना कारण कळायला हवं.

खोलीतलं पहिलं मिनिट

डॉक्टर मंडळींचं पहिलं म्हणणं असतं, "ओपीडीत शंभर रुग्ण, बोलायला वेळ कुठे आहे?" ते खरंच आहे. २०१७ मध्ये ६७ देशांची माहिती एकत्र करून केलेल्या अभ्यासात बांगलादेशात एका रुग्णाला सरासरी ४८ सेकंद आणि स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटं मिळतात असं दिसलं होतं. आपण बांगलादेशाच्या टोकाजवळ आहोत. तरीही वेळ नेमका कुठे जातो ते पाहण्यासारखं आहे. १९८४ सालच्या एका अमेरिकन अभ्यासात डॉक्टर रुग्णाचं पहिलं वाक्य सरासरी १८ सेकंदांत तोडतात असं आढळलं. आणि २००२ साली स्वित्झर्लंडच्या एका बाह्यरुग्ण विभागात ३३५ रुग्णांना मध्ये न तोडता बोलू दिलं, तेव्हा त्यांचं बोलणं सरासरी ९२ सेकंदांत आपोआप संपलं. दहातल्या जवळजवळ आठ जणांना दोन मिनिटंही लागली नाहीत.

आमच्याकडे प्रत्येकाला दीड मिनिट देणं शक्य नाही, मान्य. पण पहिली अर्धी मिनिट मान वर करून, पेन खाली ठेवून ऐकता येते. उठता उठता दारातून "आणि डॉक्टर, अजून एक..." असं जे होतं, ते त्यामुळे बरंच कमी होतं. शेवटी "अजून काही नाही ना?" असं विचारू नका, त्या "ना"मध्येच उत्तर आलं. "आणखी काय सांगायचं होतं?" असं विचारा.

खोलीचं दार. एक रुग्ण स्टुलावर, दुसरा टेबलाला टेकून, तिसरा उंबऱ्यात, हे चित्र सगळ्यांच्या परिचयाचं आहे. अंगावरून पांढरं जातंय हे कुठली बाई तिघांसमोर सांगेल? ती "अशक्तपणा वाटतो" म्हणते, टॉनिक घेते आणि दुखणं घेऊन घरी जाते. आमच्या सहाव्या प्रश्नाला बायकांकडून सर्वांत जास्त आलेलं कारण हेच होतं, "माणसं होती ना आत." दाराशी एक मावशी उभ्या करा आणि एका वेळी एकच रुग्ण व त्याच्या सोबतचा एक, एवढाच नियम पाळा. पडदा लावा. यादीतलं दुसरं काहीच जमलं नाही तरी एवढं कराच.

आणि निघताना "समजलं का?" विचारू नका. "हो"शिवाय दुसरं उत्तर त्याला येतच नाही. त्याऐवजी, "घरी गेल्यावर सुनेला काय सांगाल?" आजी हसतात, पदर सावरतात, आणि सांगू लागतात. चुकलं तर तिथल्या तिथे दुरुस्त होतं. मी घड्याळ लावून पाहिलं आहे, याला वीस-पंचवीस सेकंद लागतात. आमच्या एका तरुण डॉक्टरांनी हे पहिल्यांदा सुरू केलं आणि आता त्यांच्या ओपीडीला सोबत आलेली माणसंही कान देऊन ऐकतात.

औषधाची खिडकी

रुग्ण शेवटी जिथून निघतो ती ही जागा, आणि सगळ्यांत दुर्लक्षित. "१-०-१" हे आपल्यासाठी सोपं आहे, रुग्णासाठी ते कोडं आहे. कागदी पाकिटावर उगवता सूर्य, माथ्यावरचा सूर्य आणि चंद्र छापून घ्या आणि त्यांच्याखाली गोळीची संख्या पेनाने लिहा. जेवणाआधीच्या गोळीसाठी रिकामं ताट, नंतरच्यासाठी भरलेलं. पट्टी कापून पाच-सहा गोळ्या देताना नाव आणि मुदत असलेला तुकडा दुकानातच राहतो. तसं होऊ नये म्हणून नाव पाकिटावर देवनागरीत लिहा. डॉक्टरांनी औषधाचं नाव सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावं हे तर २०१६ पासून नियमातच आहे.

भिंतीवर लावा

२०२१ च्या सुधारित नियमांनुसार महाराष्ट्रातल्या खासगी रुग्णालयांना रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावावं लागतं. त्याच्याशेजारी तुमचा कागद लावा. दोनच रकाने: "तुम्ही काय सांगितलं" आणि "आम्ही काय केलं". जे जमलं नाही तेही लिहा: "संडास दुसऱ्या मजल्यावर आहे, खाली बांधायला अजून पैसे नाहीत." लोक ते वाचतात. वाचता येत नसेल त्याला शेजारचा वाचून दाखवतो, आणि पुढच्या फेरीत सातव्या प्रश्नाला मोकळी उत्तरं येऊ लागतात.

कर्मचाऱ्यांना निकाल सांगताना नावं घेऊ नका. ज्या खिडकीबद्दल सर्वाधिक तक्रारी आल्या, तिथे आमच्याकडे एकच मुलगी सकाळी आठपासून पाणी प्यायलाही न उठता केसपेपर काढत होती. तिला दहा ते बारा मदतीला एक माणूस दिला. तिचं वागणं सुधारण्यासाठी दुसरं काहीच करावं लागलं नाही.

पुढची फेरी तीन महिन्यांनी घ्या: तेच आठ प्रश्न, तसेच सगळे वार. पण सुधारणा झाली की नाही हे ठरवताना मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी ताडा. फेब्रुवारी-मार्चमध्ये निफाड-दिंडोरीची माणसं द्राक्षाच्या काढणीत असतात, दुखणं अंगावर काढतात आणि ओपीडी ओस पडते. जुलै-ऑगस्टमध्ये तापाच्या रुग्णांनी बाक पुरत नाहीत. मार्चमधला थांबण्याचा वेळ दाखवून पाठ थोपटून घेऊ नका, ऑगस्टमधला सोमवार बघा.